प्रतीकांची यादी आणि फुललेले झाड

मराठीच्या वर्गात 'प्रतीक' हा शब्द इतक्या सरावाने उच्चारला जातो की त्याचा अर्थ विचारणे आता उद्धटपणाचे वाटावे. कवितेत झाड आले की ते जीवनाचे प्रतीक, पक्षी आला की आत्म्याचे, दिवा आला की ज्ञानाचे आणि पाऊस आला की प्रसंग पाहून विरहाचे किंवा मीलनाचे. 'प्रतीकयोजना स्पष्ट करा' असा प्रश्न येतो, विद्यार्थी डावीकडे वस्तू आणि उजवीकडे अर्थ अशी मनातली यादी उत्तरपत्रिकेत उतरवतो, गुण पडतात. यादीत न मावणारे जे उरते त्याला 'वातावरण' किंवा 'मूड' असे नाव देऊन शेवटच्या परिच्छेदात दोन विशेषणांत मिटवले जाते. गूढ, उदास, फार तर प्रसन्न.

हीच रीत आता चित्रांनाही लावली जात आहे. साहित्य आणि इतर कला यांचे नाते हा विषय अभ्यासक्रमात आला, हे चांगलेच झाले. पण चित्रासमोर उभे राहताना आपण जुनीच वही उघडतो. चित्र रूपकात्मक असेल, म्हणजे दिसते एक आणि सुचवायचे आणखी काही, अशा जातीचे असेल, तर मग विचारायलाच नको.

या रीतीला आमचा विरोध आहे. तो रुचीचा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. ज्याची त्याची आवड म्हणून सोडून देता आले असते. आमचा आक्षेप असा की ही रीत चुकीची उत्तरे देते. ती वाचकाला चित्रापासून दूर नेते आणि वर चित्र समजल्याचे समाधानही देते. हे एका चित्रावर तपासून पाहू. चित्र नगरचे आहे, आणि मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

१.

'तारीफ-इ-हुसेनशाही' ही फारसी पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची केलेली ही काव्यमय स्तुती. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. त्या विजयाचे श्रेय कवी आपल्या राजाला देतो, त्याच्या दरबाराचे, विवाहाचे आणि राणीचे गुणगान करतो. हुसेन निजामशहा त्याच वर्षी वारला. त्याचा मुलगा मुर्तझा लहान होता. सत्ता राणी खुंझा हुमायूनच्या हाती आली आणि १५६९ मध्ये मुलाने तिला कैदेत टाकेपर्यंत ती तिच्याच हाती राहिली. पोथी या चार वर्षांतली मानली जाते. त्या मानण्याला चित्रांतले राणीचे ठळक स्थान हाही एक आधार आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या पोथीची गणना होते. मंडळाने ती १९८७ मध्ये जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाने प्रसिद्धही केली आहे.

चित्रे मुळात चौदा होती, बारा उरली. त्यांत दरबार आहे, युद्ध आहे, रामरायाचा शिरच्छेद आहे. आणि या राजकीय गर्दीत एक पान असे आहे, की ज्यात सुंदर स्त्रीचा स्पर्श होताच झाड फुलते. मजकूर फारसी, ग्रंथाची घडण इराणी परंपरेतली; पण या पोथीतल्या बायका साडीचोळीतल्या, लांब वेण्यांच्या, आपल्या ओळखीच्या बांध्याच्या आहेत. झाड फुलण्याची कल्पना तर थेट संस्कृत काव्यातून आणि मंदिरांच्या शिल्पांतून आलेली. कलेचे अभ्यासक या पानाला 'दोहद' याच नावाने ओळखतात.

आता आपली वही काढू. झाड म्हणजे जीवन किंवा सुफलता. स्त्री म्हणजे निसर्ग किंवा पुन्हा सुफलताच. फुले म्हणजे यौवन. एकूण चित्र सृजनाचे प्रतीक. मूड : शृंगारिक, प्रसन्न. दहापैकी सात गुण.

या उत्तरात चित्राचे काहीही नाही. हेच उत्तर सांचीच्या तोरणावरच्या शालभंजिकेला चालेल, अजिंठ्यातल्या एखाद्या वृक्षाखालच्या स्त्रीला चालेल आणि दिनदर्शिकेवरच्या छापील चित्रालाही चालेल. जे उत्तर सगळ्या चित्रांना चालते ते कोणत्याच चित्राचे नसते. पण आमचा मुद्दा याहून पुढचा आहे. हे उत्तर अपुरे आहे एवढेच नव्हे, ते उलटेही आहे. ते कसे, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही; आपल्या घरातला एक शब्द पुरतो.

२.

तो शब्द म्हणजे 'डोहाळे'. संस्कृतातला 'दोहद' किंवा 'दोहल' मराठीत आला तो या रूपाने. गर्भवतीला दोन हृदये असतात, म्हणून तिच्या इच्छा तिच्या एकटीच्या नसतात आणि त्या पुरवल्याच पाहिजेत, ही वैद्यकातली जुनी समजूत त्यामागे आहे. आपण डोहाळे पुरवतो, डोहाळजेवण करतो, डोहाळतुलीला फुलांच्या वाड्या घालून झोपाळ्यावर बसवतो. इच्छा तिची, पुरवणारे आपण.

काव्यातल्या संकेतात मात्र डोहाळे स्त्रीला लागत नाहीत. ते झाडाला लागतात. फुलण्यापूर्वी झाडाला काहीतरी हवेसे होते, आणि ते पुरवणारी असते स्त्री. अशोकाला तिच्या पायाचा आघात हवा, बकुळीला तिच्या तोंडच्या मद्याची चूळ, कुरबकाला आलिंगन, तिलकाला कटाक्ष, प्रियंगूला स्पर्श. गरोदर आहे ते झाड. स्त्री ही इथे पूर्ण करणारी आहे, समर्थ आहे, देणारी आहे.

हे एकदा लक्षात आले की यादीतली दोन्ही समीकरणे कोसळतात. स्त्री म्हणजे सुफलता, असे म्हणून आपण तिला झाडाच्या पंक्तीला बसवले होते. दोघेही निसर्ग, दोघेही फलधारणेची साधने. संकेत नेमके याच्या विरुद्ध सांगतो. झाडाला ऋतू पुरत नाही, पाणी पुरत नाही. त्याला माणसाचा, तोही विशिष्ट स्त्रीचा, स्पर्श लागतो. चित्रातले नाते दोन प्रतीकांमधले नाही. मागणे आणि पुरवणे असे ते नाते आहे. यादीत नाम असते, क्रियापद नसते. आणि या चित्राचा अर्थ क्रियापदात आहे.

आणि 'विशिष्ट स्त्री' म्हणजे कोण? इथे कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'चा तिसरा अंक आठवावा. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो आठवायलाच हवा. प्रमदवनातला अशोक फुलत नाही. त्याला पायाचा स्पर्श देण्याचा मान महाराणी धारिणीचा. पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावला आहे. म्हणून ती आपल्या जागी मालविकेला पाठवते आणि पाच रात्रींत झाड फुलले तर तिची इच्छा पुरवण्याचा शब्द देते. झाड फुलते, आणि शेवटच्या अंकात मालविका राणीपदाला पोहोचते. म्हणजे नाटकात दोहद हा शृंगाराचा गोड प्रसंग तर आहेच, पण तो अधिकाराचा प्रसंगही आहे. कोणाच्या पायाने झाड फुलते, हा राजवाड्यात कोणाचे चालते याच्याशी निगडित प्रश्न आहे. दासी म्हणून राहिलेली मुलगी राणी ठरते ती आधी झाडापाशी, मग दरबारात.

आता नगरच्या पोथीकडे परत या. ज्या ग्रंथात राजाच्या विजयाची आणि राणीच्या गौरवाची पाने शेजारी शेजारी आहेत, ज्या काळात राजा नुकताच गेला आहे आणि राणी राज्य चालवते आहे, त्या ग्रंथात 'हिच्या स्पर्शाने झाड फुलते' असे पान येते. आम्ही असे म्हणत नाही, की चित्रातली स्त्री म्हणजे खुंझा हुमायूनची तसबीर. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा यादीच : डावीकडे स्त्री, उजवीकडे नाव. आम्ही एवढेच म्हणतो, की या ग्रंथात, या पानांच्या शेजाराने, दोहदाचा जुना संकेत निव्वळ सौंदर्याची स्तुती राहत नाही. तो सामर्थ्याचा दावा होतो. पान सुटे काढून भिंतीवर टांगले की दावा गळून पडतो आणि शृंगार तेवढा उरतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत नि व्याख्यानांत आपण नेमके हेच करतो : पान सुटे करतो आणि मग त्याचा मूड सांगतो.

३.

याच पोथीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल गेल्या काही वर्षांत वेगळ्या दिशेने चूक होऊ लागली आहे.

सिंहासनावर राजाशेजारी, त्याच्या अगदी निकट बसलेली राणी या चित्रांत वारंवार येत होती. दख्खनच्याच काय, त्या काळच्या कोणत्याही मुसलमानी दरबाराच्या चित्रांत राणीला असे स्थान मिळणे विरळा. आज बहुतेक पानांवर तिच्या जागी डाग आहे. तिची आकृती मिटवलेली आहे. १५६९ मध्ये ती कैदेत पडली. हे मिटवणे त्यानंतरचे, असे अभ्यासक मानतात. राजा शाबूत, सेवक शाबूत, सिंहासन शाबूत. शेजारी एक पुसट ठिपका.

आजच्या वाचकाला हा डाग मोहवतो. 'हा डाग स्त्रीच्या अदृश्यतेचे प्रतीक आहे', 'इतिहासाच्या मौनाचे रूपक आहे' अशी वाक्ये सहज सुचतात आणि टाळ्याही मिळवतात. त्यामागची सहानुभूती खरी आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण ही वाक्ये जुन्या यादीचेच नवे रूप आहेत, आणि या वेळी तर ती ज्या स्त्रीच्या बाजूने बोलू पाहतात तिच्यावरच अन्याय करतात.

डाग हा प्रतीक नाही. डाग हे कृत्य आहे. चित्रकाराने तो 'योजलेला' नाही. त्याच्या चित्रात राणी होती, ठसठशीत होती. दुसऱ्या कोणाचा तरी हात नंतर त्या पानावर आला. त्या हाताला कारण होते, मालक होता, काळ होता. हे सारे 'रूपक' या एका शब्दात विरघळवून टाकले, की गुन्हा नाहीसा होतो आणि सौंदर्यानुभव तेवढा मागे राहतो. 'स्त्रीची अदृश्यता' ही कोणाचीच जबाबदारी नसते. खुंझा हुमायूनला पुसणे ही कोणाची तरी होती.

आणि एक विचार करून पाहा. ज्याने तिला पुसले त्याने हे चित्र आपल्यापेक्षा बरे वाचले होते. त्याला ठाऊक होते, की राजाशेजारी बसलेली ही आकृती शोभेसाठी नाही; ती सत्तेतला वाटा सांगते. ती नुसती प्रतीक असती तर तिला कोणी हात लावला नसता. प्रतीकांना घाबरून कोणी ब्रश उचलत नाही. तो शत्रू होता, पण वाचक म्हणून गंभीर होता. आपण मित्र म्हणवतो आणि तिला 'अदृश्यतेचे प्रतीक' करून दुसऱ्यांदा अदृश्य करतो.

४.

यावर एक सरळ आक्षेप येईल. रूपकात्मक कलेत अर्थ ठरलेलेच असतात. मग ते शोधण्यात गैर काय? कलावंतानेच किल्ली दिली असेल तर ती वापरायची नाही काय?

आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर देण्यासाठी याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घेणे योग्य होईल. ते रंगांचे नाही, शब्दांचे आहे. पण मराठीतले पहिले मोठे रूपकचित्र म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येते. नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या आरंभी जे गणेशवंदन आहे, ते अक्षरशः किल्लीसकट दिलेले चित्र आहे. वेद ही मूर्ती, स्मृती हे अवयव, अठरा पुराणे ही रत्नभूषणे, सहा दर्शने हे सहा हात. एका हातात तर्काचा परशू, एकात वेदान्ताचा मोदक. विवेक ही सोंड. दोन मीमांसा हे दोन कान. प्रत्येक अवयवापुढे अर्थ लिहिलेला. यादी करायची तर यापेक्षा आयती यादी मिळणार नाही.

आणि खरोखर, वर्गात तेवढेच केले जाते. फळ्यावर दोन रकाने. पण त्या वंदनातच एक जागा अशी आहे, की जिथे कवी रकान्यांची व्यवस्था स्वतःच ओलांडतो. काव्य आणि नाटक यांना तो गणेशाच्या कमरेच्या बारीक घागऱ्या करतो, आणि त्यांचा अर्थ म्हणजे त्या घागऱ्यांची रुणझुण. क्षणभर थांबून पाहा. रकान्याप्रमाणे 'घागऱ्या म्हणजे काव्य' एवढ्यावर काम भागले असते. पण अर्थाला त्याने तिसरी वस्तू केले नाही. अर्थाला त्याने नाद केले. घागऱ्या नुसत्या ठेवल्या तर नाद नाही. गणेश हलला पाहिजे. म्हणजे ज्याने किल्ली हाती दिली तोच सांगतो, की किल्ली फिरवल्यावर जे ऐकू येते ते किल्लीत नसते. आनंदवर्धनाने ध्वनी म्हणून जे सांगितले त्याची ही मराठीतली घरगुती आणि मूर्त मांडणी आहे.

बाहेरच्या जगातही असेच दिसते. युरोपात तर प्रतीकांचा खराखुरा कोश होता. चेझारे रिपाचा 'इकोनोलोजिया' १५९३ मध्ये रोममध्ये छापला गेला. १६०३ पासून तो चित्रांसह निघू लागला. सत्य, मत्सर, काळ, आळस यांची आकृती कशी काढावी, हातात काय द्यावे, हे त्यात दिलेले असे आणि चित्रकार ते पाहत. अशा चित्रापुढे कोश उघडणे रास्तच. पण त्याच परंपरेतले, रिपाच्या पाऊणशतकाइतके नव्हे तरी बऱ्याच आधीचे, ब्रोन्झिनोचे 'व्हीनस आणि क्युपिड'चे रूपकचित्र घ्या. सुमारे १५४५ चे हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काळ पडदा ओढतो आहे, बालक गुलाब उधळायला निघाले आहे, मागे एक आकृती केस उपटत ओरडते आहे. ती मत्सर, असे पॅनॉफ्स्कीने १९३९ मध्ये मांडले; पुढे इतरांनी तिला उपदंशाचा रोगी ठरवले. वाद चालूच आहे. समजा उद्या तो मिटला. तरीही त्या चित्रातल्या कातडीचा संगमरवरी थंडपणा, आई आणि मुलगा यांच्यातली ती अस्वस्थ करणारी जवळीक, गर्दीत कुठेही न उरलेली मोकळी जागा, हे सारे कोणत्याही नावाने सुटणार नाही. नावे ठरल्यावर वाचन सुरू होते. आपल्याकडे ते तिथेच संपते.

५.

आता राहिला मूड. यादीवाल्यांना उत्तर देताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात. 'प्रतीके-बितीके सोडा, चित्र तुम्हांला काय वाटते ते सांगा,' असे ते विद्यार्थ्याला म्हणतात. हे ऐकायला उदार आहे. व्यवहारात मात्र त्याचा परिणाम एवढाच होतो, की विद्यार्थी 'मन भारावून जाते' असे लिहितो, कारण भारावून जाण्यावाचून त्याला दुसरे काही शिकवलेलेच नसते.

मूड ही पाहणाऱ्याच्या मनाची हवा नव्हे. आपल्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी स्पष्ट केले आहे. भाव आपोआप उत्पन्न होत नाही. त्याला विभाव लागतात, अनुभाव लागतात, येणारेजाणारे व्यभिचारी भाव लागतात. म्हणजे भावस्थितीला कारणे असतात, आणि ती कारणे कलाकृतीत बोट ठेवून दाखवता येतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये जी रागमाला-चित्रे काढली गेली, त्यांतल्या काहींचा संबंध काही अभ्यासक नगरशी जोडतात, काही जोडत नाहीत. तो वाद इथे बाजूला ठेवू. पण त्या चित्रांचे तत्त्व पाहण्याजोगे आहे. रागाला शरीर नाही. म्हणून त्याला नायक द्यायचा, झोपाळा द्यायचा, ऋतू द्यायचा, प्रहर द्यायचा. चित्रकाराच्या लेखी भाव ही इतकी नेमकी गोष्ट होती, की ती वेळ, वस्तू आणि हालचाल यांनी बांधता येत असे. आपण तिला दोन विशेषणांत धूसर केले आहे.

मराठी समीक्षेत ही जाण नव्हती असेही नाही. द. ग. गोडसे यांच्या 'पोत'ने वस्तूच्या घडणीतून काळाचा स्वभाव वाचण्याची दृष्टी दिली. सुधीर रसाळांच्या 'कविता आणि प्रतिमा'ने प्रतिमेचा विचार अलंकारांच्या यादीतून बाहेर काढून कवितेच्या घटनेशी नेऊन भिडवला. ही पुस्तके आपल्या संदर्भसूचीत आहेत. आपल्या प्रश्नपत्रिकांत नाहीत.

दोहदाच्या पानाचा मूड विचारलात, तर आमचे उत्तर असे. त्यात शृंगार आहे, पण तो प्रतीक्षेचा शृंगार नाही, पूर्तीचा आहे : स्पर्श झाला आहे, फुले आली आहेत. त्यात गौरव आहे, कारण ग्रंथ स्तुतीचा आहे. आणि जो वाचक पोथीची उरलेली पाने उलटून आला असेल, सिंहासनाशेजारचे डाग पाहून आला असेल, त्याच्यासाठी या फुलण्यावर एक करुण छाया पडते, जी चित्रकाराने घातलेली नाही. ही छाया खरी आहे. पण ती इतिहासाने घातलेली आहे, हे वेगळे सांगता आले पाहिजे. चित्रकाराचा भाव कोणता, ग्रंथाने त्याला दिलेले वळण कोणते आणि काळाने वर चढवलेला थर कोणता, हे तीन सुटे करता येणे म्हणजे मूड वाचता येणे. तिन्ही एकत्र करून 'उदास पण प्रसन्न' म्हणणे म्हणजे काहीच न वाचणे.

६.

हे सारे शंभर वाचकांपुरते असलेल्या एका पोथीबद्दल चालले आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अर्थ चिकटवण्याची सवय पोथीपुरती राहत नाही. ती डोंगरावरही चढते.

नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू उभी आहे. सारे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. सहली जातात, कविता होतात, खिडकीतून दिसणाऱ्या क्षितिजात एकाकी राणीची नजर शोधली जाते. ती वास्तू महाल नाही आणि चांदबिबीची तर नाहीच. ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान हा मुर्तझा निजामशहाचा मंत्री, म्हणजे ज्या मुलाने खुंझा हुमायूनला कैद केले त्याचा. आणि चांदबिबी ही त्याच खुंझा हुमायूनची मुलगी. आईला कैदेत टाकणाऱ्या राजाच्या मंत्र्याच्या कबरीत आपण मुलीचे विरहगीत ऐकतो. मूड जमला आहे. फक्त तो दुसऱ्याच्या घरात जमला आहे.

चांदबिबीबद्दल आम्हांला आदरच आहे. १५९५-९६ मध्ये मोगली वेढ्यापुढे तिने नगरचा किल्ला लढवला, ही काही दंतकथा नव्हे. घोड्यावर स्वार, हातावर ससाणा घेतलेली तिची म्हणून जी चित्रे प्रसिद्ध आहेत, ती मात्र तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी नि त्याहूनही नंतर काढलेली आहेत. सुमारे १७०० चे असे एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलीचे चित्र शंभर वर्षांनी कल्पनेने काढले गेले आणि आईचे समोर बसून काढल्यासारखे चित्र पुसले गेले. २०२४ मध्ये या जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. त्यांचा जन्म इथल्याच चौंडीचा. राज्य चालवणाऱ्या दोन स्त्रिया या मातीला ठाऊक आहेत. तिसरी ठाऊक नाही, कारण तिचे स्मारक म्हणजे एका पोथीतली काही पाने आहेत, आणि पाने वाचायचे काम आपले आहे.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांकडे आमचे मागणे मर्यादित आणि स्पष्ट आहे. रूपकात्मक चित्र वा कविता समोर असेल तेव्हा 'हे कशाचे प्रतीक' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा, आणि बहुतेक वेळा तो विचारावाच लागणार नाही. आधी विचारा : इथे कोण कोणाला काय करते आहे? मग विचारा : हे पान कोणत्या पानांच्या शेजारी आहे आणि ते कोणासाठी लिहिले-रंगवले गेले? मग विचारा : यावर नंतर कोणाचा हात पडला आहे? या तीन प्रश्नांना गुण देता येतात, ज्यांना त्याची काळजी आहे त्यांनी ती करू नये. तपासायला ते अवघड जातील, हे खरे. कारण प्रत्येक उत्तर वेगळे येईल आणि परीक्षकालाही चित्र पाहावे लागेल.